वस्तादांची तिसरी खुर्ची

वस्तादांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन, पण गिऱ्हाइकं बसायची दोनच खुर्च्यांवर. पहिल्या खुर्चीमागे चिरंजीव उभे असत आणि तिथे रांग लागे. दुसऱ्या खुर्चीमागे स्वतः वस्ताद. तिथे जुनी, हट्टी आणि टक्कल पडत आलेली मंडळी येत, म्हणजे ज्यांचं मुळात कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं अशी. तिसरी खुर्ची ही वस्तादांनी दुकान थाटलं तेव्हाची, पहिलीवहिली. लोखंडी, जड, वर-खाली करायचा दांडा कधीचाच मोडलेला. तिच्यावर आता टॉवेल वाळत पडायचे.

हात रिकामा राहिला की माणसाची जीभ चालते, आणि वस्तादांची जीभ तर कात्रीच्या कधीच मागे नव्हती. रांगेत बसलेल्यांना ते नको ते सल्ले देऊ लागले. चिरंजीवांच्या हातात असलेल्या डोक्याकडे बघून "डावा कल्ला केसभर खाली आलाय रे," असं दुसऱ्या खुर्चीमागून ओरडू लागले. डोकं ज्याचं असे तो बिचारा घाबरून दोन्ही कल्ले चाचपायचा. शेवटी चिरंजीवांनी घरी आईकडे गाऱ्हाणं नेलं.

आई म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी. वहिनींची ख्याती अशी, की हातात वस्तरा न घेता त्या माणसाची बिनपाण्याने करत आणि वर त्यालाच विचारत, "काय झालं? चेहरा का उतरला?" वस्तादांची तर रोजच व्हायची. ते मान खाली घालून ऐकून घेत आणि चपला घालून दुकानात पळत.

"ह्यांच्या हाताला काहीतरी उद्योग लावून दे," वहिनींनी मुलाला सांगितलं, "जिभेला आपोआप सुट्टी मिळेल."

उद्योग दुकानातच सापडला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या, कव्हर फाटलेल्या एका मासिकात शेवटच्या पानावर जाहिरात होती: नवशिक्यांसाठी चित्रकला, धडे टपालाने, पूर्वतयारीची गरज नाही. हे शेवटचं वाक्य वस्तादांना फार आवडलं, कारण तेवढी पूर्वतयारी त्यांची पक्की झालेली होती.

पुडकं आलं. त्यात पुस्तिका, रंगांच्या नळ्या, कागद आणि तीन ब्रश. ब्रश बघून वस्तादांनी नाक मुरडलं. दाढीचा ब्रश कसा भरदार असतो, हे म्हणजे उंदराची शेपटी. तरी तिसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल त्यांनी उचलले, तिच्या दोन हातांवर फळी आडवी टाकली आणि धडे सुरू झाले. प्रत्येक धड्याचं चित्र टपालाने पाठवायचं आणि तिकडून ते शेरा मारून परत यायचं. शेरा हिरव्या शाईत असे आणि खाली सही अशी, की ती वाचण्यापेक्षा पुसणं सोपं. म्हणून वस्तादांनी सही करणाऱ्याचं नाव ठेवलं, पोस्टातले गुरुजी.

पहिल्याच धड्यात गुरुजींना संशय आला असावा. "घरातली एखादी साधी वस्तू काढा," असं पुस्तिकेत होतं. वस्तादांनी झाडू काढला. शेरा आला, "रेषा चांगल्या. पण झाडू विंचरलेला का आहे?" पुढच्या धड्यात खिडकीतून दिसणारं झाड काढायचं होतं. शेरा आला, "झाडाच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या कशा? कोणी कापलं का?"

"दुसरं कोण कापणार?" वहिनी म्हणाल्या. "निसर्गाची हजामत करायची तेवढी बाकी होती, तीही झाली."

पण वस्ताद रमले. हे त्यांचं त्यांनाही नवल वाटलं. सकाळी दुकान उघडलं की ते आधी तिसऱ्या खुर्चीकडे जात, कालच्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत, आणि मगच पाणी तापत ठेवत. चिरंजीवांच्या कल्ल्यांबद्दल ते बोलेनासे झाले. रांगेतली माणसं तर विचारू लागली, "वस्तादांची तब्येत बरी आहे ना?"

चिरंजीवांना मात्र ती जागा हवी होती. "बाबा, लोकांना आता आधी केस धुऊन पाहिजेत," ते म्हणाले. "तिथे बेसिन बसवायचंय मला. ही खुर्ची भंगारात द्यायची म्हणून ठरलं होतं आपलं."

"तुझं ठरलं होतं. माझं नाही."

"मग असं करू. कोर्स पास झालात तर खुर्ची तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झालात तर बेसिन."

वस्ताद मिशीवर ताव देऊन "कबूल" म्हणाले, म्हणजे दिला असता, पण त्यांना मिशी नव्हती. मिशी होती ती शेजारच्या औषधांच्या दुकानवाल्यांना.

औषधवाल्यांची मिशी ही बघण्यासारखी गोष्ट होती. उजवं टोक वर चढलेलं, डावं जरा कललेलं, कारण त्यांना उजव्या हाताने एकाच टोकाला पीळ देत बसायची खोड. ते रोज सकाळी वस्तादांकडे दाढीला येत. त्यामुळे जेव्हा पुस्तिकेत धडा आला, "व्यक्तिचित्र: एका व्यक्तीला बसवून चेहरा काढा, सोबत त्या व्यक्तीचा फोटो जोडा," तेव्हा वस्तादांना माणूस शोधायची गरजच पडली नाही.

औषधवाले तिसऱ्या खुर्चीत बसले. वस्तादांनी नेहमीच्या सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, नेहमीच्या सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, कागद लावलेली फळी बाजूच्या उंच स्टुलावर उभी केली आणि समोरच्या आरशात बघून चित्र काढायला लागले. त्यात चूक काय? आख्खा जन्म ते गिऱ्हाइकाच्या मागेच उभे राहिले होते. दाढी करताना एक गाल दिसतो, एक हनुवटी दिसते, कान दिसतो, पण आख्खा चेहरा बघायचा तर तो आरशात. ह्या गल्लीतले सगळे चेहरे वस्तादांनी तिथेच पाहिले होते. कोणाला समोर उभं राहून निरखायचं त्यांना सुचलंच नसतं, आणि गिऱ्हाइकालाही ते आवडलं नसतं.

चित्र झालं. औषधवाले उठले, बघितलं आणि गहिवरलेच.

"वस्ताद, हा मी! अगदी मी! फोटोवाल्यांना जन्मात जमलं नाही हे."

पाठवायच्या आधी एक दिवस घरी दाखवतो म्हणून ते चित्र घेऊन गेले, आणि जेवणाच्या वेळेआधीच लालबुंद होऊन परत आले.

"बायको म्हणते, भावोजींचं चित्र घरात कशाला आणलंत!"

भावोजी म्हणजे औषधवाल्यांचा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, की भांडण कशावरून झालं ते दोघांनाही विचारून सांगावं लागलं असतं.

"ह्याची मिशी बघा, म्हणते. तुमची अशी आहे का? तुमची दुसरीकडून चढते, म्हणते. मी म्हटलं, माझी मिशी मला माहीत की तुला? तर म्हणते, मला!"

वस्तादांनी समजूत काढली, की बायकांना चित्रातलं काय कळतं. हे त्यांनी आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून सांगितलं. चित्र आणि औषधवाल्यांचा फोटो एका पाकिटात घालून टपालात टाकला. काही दिवसांनी हिरव्या शाईत उत्तर आलं: "चित्र चांगलं आहे. फोटो मात्र चुकून दुसऱ्याच गृहस्थांचा जोडला गेला आहे. तूर्त निकाल राखून ठेवला आहे."

वस्ताद तोंडावर आपटले. पुन्हा एकदा खात्री करायची म्हणून त्यांनी टपालवाल्याला तिसऱ्या खुर्चीत बसवलं. टपालवाला स्वतःला ओळखून खूश झाला, आणि त्याच्या कचेरीतले लोक म्हणाले, हा आमच्यात नवीन कोण? एवढं ऐकल्यावर चिरंजीवांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने तिसऱ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर खडूने एक मोठा गोल काढला, नळ जिथून येणार तिथे फुली मारली, आणि सहज म्हणून बोलला, "हे चित्र चांगलं जमलंय मला." चिरंजीव हसले. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी परत आलेलं औषधवाल्यांचं चित्र खिळा ठोकून बरोबर त्या गोलावर टांगलं.

त्या दिवशी घरी त्यांनी जेवताना तोंड उघडलं नाही. वहिनींनी दोन-तीनदा डिवचून बघितलं. काही निघेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी, फारशी गर्दी नसेल अशा वेळी, त्या दुकानात आल्या. दुकानात त्या सहसा येत नसत. पुरुषांच्या केसांवरून चालायला लागलं की माझे पाय शिरशिरतात, म्हणायच्या. आल्या त्या थेट तिसऱ्या खुर्चीत बसल्या, आणि आरशात चित्र बघून म्हणाल्या, "काय वाईट आहे ह्यात? औषधवाले किती छान काढलेत. मिशीसकट."

वस्तादांना भरून आलं. "तुला ओळखू आले?"

"न ओळखायला काय झालं?" असं म्हणून वहिनी मागे वळल्या, भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं आणि डोळे बारीक केले. "हे... हे त्यांचे भाऊ ना?"

पुन्हा आरशात बघितलं. पुन्हा वळल्या. मग त्यांना जे हसू लोटलं, ते आवरेना. खुर्चीच्या हातावर थापा मारत त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चिरंजीव हातातलं गिऱ्हाईक अर्धं कापलेलं सोडून बघायला आले.

"अहो, तुम्ही उलटी माणसं काढलीत! आरशात दिसतात तशी! ते स्वतःला आरशात बघतात, म्हणून त्यांना पटतं. त्यांच्या बायकोने कधी आरशातून संसार केलाय का?"

वस्तादांनी चित्र उतरवलं, आरशापुढे धरलं, आणि पहिल्यांदाच औषधवाले त्यांच्या बायकोला दिसतात तसे बघितले. मिशीचं चढलेलं टोक त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला. म्हणजे बाई खरं बोलली होती. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्यांना ज्यांना ओळखतो म्हणून मान डोलावली, ते सगळे उलटे होते. कोणाचा इकडे म्हणून समजलेला तीळ तिकडे होता. वस्तादांना गल्लीतून चालायचीच भीती वाटायला लागली.

त्यांनी गुरुजींना सगळं प्रामाणिकपणे लिहून कळवलं. हिरवी शाई उलट टपालाने आली: "कारण समजलं. फार हसलो. आता शेवटच्या धड्यात घरातल्या माणसाला समोर बसवा. आरसा झाका. फोटो जोडा. सगळा निकाल ह्या एकाच चित्रावर."

घरातलं माणूस म्हणजे दोनच. चिरंजीव बसणं शक्य नव्हतं, कारण चिरंजीव विरुद्ध पक्षात होते.

"मी नाही बसायची," वहिनी म्हणाल्या. "आणि फोटो तर मुळीच नाही. फोटोत मी अशी दिसते, की मला माझ्या थोरल्या बहिणीची आठवण येते. आणि ती मला आवडत नाही."

"अगं, खुर्ची जाईल माझी."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. नवऱ्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता त्यांनी. मग म्हणाल्या, "एका अटीवर. गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीत बसलं की तुम्ही बोलता आणि त्याने मान हलवायची नाही. मी बसले की मी बोलणार. तुम्ही मान हलवायची नाही."

झालं. दुपारची वेळ ठरली. तिसऱ्या खुर्चीसमोरच्या आरशावर चादर टाकली, खुर्ची फिरवून उजेडाकडे केली आणि वस्ताद जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या समोर जाऊन उभे राहिले. हात चालेना. काय धरावं, कुठून सुरू करावं, काही कळेना. डोकं धरून जरा डावीकडे वळवावं, तर तेवढंही धाडस होईना.

वहिनींना मात्र सुरुवात कुठून करायची ते पक्कं ठाऊक होतं. मुलगी बघायच्या दिवसापासून. "माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं, मुलीला काही विचारायचंय का. तर तुम्ही काय विचारलंत? केसांना कोणतं तेल लावता!" तिथून त्या पुढे निघाल्या. पाहुण्यांसमोर घोरलेलं, वाढदिवस विसरलेला, मुलाचे पहिले केस स्वतःच्याच हाताने असे कापलेले, की शेजारणीने विचारलं, आजारी होता का. पलीकडे चिरंजीव कात्री चालवता चालवता खुसुखुसू हसत होते आणि गिऱ्हाईक घाईत असूनही उठायला तयार नव्हतं.

वस्ताद बोलू शकत नव्हते. अट होती. चपला घालून पळूही शकत नव्हते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ते बघत राहिले.

आणि बघता बघता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. वहिनी झापायला लागल्या की डावी भुवई आधी वर जायची. वाक्य संपायच्या जरा आधी त्याच बाजूचा ओठांचा कोपरा हळूच उचलला जायचा आणि मग लगेच दाबला जायचा. दरवेळी. तेलाच्या वेळी तसंच, घोरण्याच्या वेळी तसंच. ही रागावलेली नव्हतीच. ही मजा घेत होती. आणि आपण? आपण इतकी वर्षं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटच्या शब्दाआधी दाराबाहेर पडलो. शेवटच्या शब्दाला ओठांच्या कोपऱ्यात जे काही होत होतं, ते कधी बघितलंच नाही. वस्तादांना एकदम फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हसू आलं.

"हसताय काय? मान हलली," वहिनी म्हणाल्या. भुवई वर.

वस्तादांनी भुवई काढली.

बरेच दिवस बैठक चालली. वहिनींचे आरोप संपले तेव्हा त्यांनी जुनेच परत सुरुवातीपासून घेतले, आणि वस्तादांना ते दुसऱ्यांदा जास्त आवडले. शेवटी एका दुपारी ब्रश धुऊन त्यांनी फळी वळवली.

वहिनींनी बघितलं. मग चेहरा पडला.

"ही मी नाही. ही माझी थोरली बहीण."

"आई, काय बोलतेस?" चिरंजीव धावत आले होते. "अगदी तू आहेस. आता ओरडशील असं वाटतंय मला."

औषधवाल्यांच्या बायकोला मुद्दाम बोलावणं गेलं, कारण तिच्या नजरेवर आता सगळ्यांचा विश्वास बसला होता. ती दारातूनच म्हणाली, "अगंबाई, वहिनी!"

वहिनी गोंधळल्या. मग त्याच उठल्या, आरशावरची चादर ओढून काढली आणि चित्र आरशापुढे धरलं. तिथे त्या होत्या. रोज सकाळी वेणी घालताना भेटणारी तीच बाई, भुवई हवी त्या बाजूला. त्यांनी चित्र खाली केलं, पुन्हा थेट बघितलं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना मी ही अशी दिसते?"

"हो," वस्ताद म्हणाले.

"आणि मी हिला आज पहिल्यांदा बघतेय." त्या चित्राकडे बघत राहिल्या. नवऱ्याने प्रत्येक पांढरा केस काढला होता. एकही विंचरलेला नव्हता, वाऱ्यावर असावेत तसे होते, हे त्यांच्या लक्षात आलं. "बरी आहे की हो," त्या हळूच म्हणाल्या. "मी उगाच हिचे फोटो फाडले."

मग चिरंजीवांनीच मोबाईल काढला आणि आईचा फोटो घेतला. विरुद्ध पक्षाने हे का केलं, ते कोणी विचारलं नाही. फोटो छापून आला, पाकिटात गेला, आणि वस्ताद टपालवाल्याची वाट बघत दिवसभर दारात उभे राहू लागले. दाढीला आलेल्यांना ते समोर जाऊन निरखत. दोघांनी तर घाबरून विचारलं, "काय झालंय का चेहऱ्याला?"

उत्तर आलं तेव्हा वहिनी दुकानातच होत्या. हल्ली त्या येत. केसांवरून चालताना पाय शिरशिरतात, असं म्हणत म्हणत येत. वस्तादांनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "ह्या खेपेला चित्र आणि फोटो एकाच व्यक्तीचे आहेत. उत्तीर्ण. फक्त बाई रागावल्या आहेत की हसताहेत, ते नीट कळत नाही. तेवढं ठरवायला हवं होतं."

चिरंजीवांनी ओला टॉवेल घेतला आणि भिंतीवरचा खडूचा गोल पुसून टाकला. फुलीसुद्धा. औषधवाल्यांचं चित्र मात्र तिथे राहिलं नव्हतं. ते त्यांनी आधीच नेलं होतं. धाकट्या भावाकडे. "तुझं आहे, तुझ्याकडे ठेव," असं सांगून ते तिथे टेकले होते आणि बराच वेळ टेकले होते म्हणे.

"ठरवा म्हणे," वहिनी तिसऱ्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "ह्यांचे गुरुजीही ह्यांच्यासारखेच. चला, आता जरा केस नीट करा माझे. चित्रात अगदी पिंजारलेली काढलीत."

वस्तादांनी कंगवा घेतला आणि सवयीने खुर्चीच्या मागे निघाले.

"मागे कुठे? समोर या."

वस्ताद समोर आले.

"आता सांगा, रागावलेय की हसतेय?"

वस्तादांनी कंगवा खाली ठेवला आणि पळायची अजिबात घाई न करता नीट, शेवटपर्यंत बघितलं.

"हसतेयस."

"चूक," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या.